जेठा कोंब

उसाची लावण दीड महिन्याची झाली की आबा सरीत वाकून चालायचे आणि प्रत्येक ठोंबातला मधला, सगळ्यात जाडजूड कोंब कट्कन मोडायचे. मी तेव्हा नववीत. जीव कळवळायचा. "चांगला वाढलेलाच का मोडताय?" तर म्हणाले, "थोरला दांडगा झाला की धाकट्यास्नी उठू देत न्हाई." (हा टोमणा आमच्या थोरल्या काकांना होता का, ते विचारायचं धाडस आजवर झालेलं नाही.)

पुढं बॉटनी घेतली तेव्हा थोरल्याचं हत्यार कळलं: ऑक्झिन, म्हणजे झाडाचं वाढीचं संप्रेरक. शेंड्यात तयार होऊन ते खाली उतरत राहतं, तोवर बाजूचे डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, झोपून. शेंडा मोडला की ऑक्झिन ओसरतं, डोळे फोडणाऱ्या सायटोकायनिन या दुसऱ्या संप्रेरकाचा जोर वाढतो, डोळे फुगतात. वाटाण्याच्या रोपांवर तर असंही दिसलंय, की शेंडा खुडल्यावर त्याच्या वाट्याची साखर डोळ्यांकडे वळते आणि जागं व्हायचा पहिला इशारा तीच देते. भांडण शेवटी साखरेचंच. कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको.

2019 च्या ऑगस्टात पंचगंगा आमच्या शेतात शिरली. पाणी उतरल्यावर गेलो तर सगळीकडे कुजका वास, पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, गाळ. पोंगा ओढला की अलगद हातात यायचा. ऊस मेला, असंच मी धरून चालले.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेले. मेलेल्या शेंड्याखाली कांड्याकांड्यावर हिरव्या पांगशा, डोळ्यांतून फुटलेले नवे कोंब! पेरांभोवती मुळ्यांची झालर. बुडालेल्या झाडातला इथिलीन वायू बाहेर पडायला अडतो, कारण पाण्यात तो हवेपेक्षा सुमारे 10,000 पट सावकाश पसरतो. तो आत साठला की अशा मुळ्या फुटायला मदत होते. बांधाकडेचा थोडा ऊस नुसताच लोळला होता, शेंडा शाबूत. त्याची पेरं कोपरासारखी वळून शेंडे पुन्हा आभाळाकडे. आडव्या पेरात खालच्या अंगाला ऑक्झिन जास्त जमतं, ते अंग जास्त वाढतं आणि ऊस उठतो.

मी हरखून फोटो काढत सुटले. आबांनी पांगशा फुटलेला एक ऊस मोडला, दातानं सोलला, चावून थुंकून टाकला.

"पाणचट. साखर समदी पोरांनीच खाल्ली."