अगत्य येण्याचे करावे

लग्नपत्रिका हातात आली की नजर तारीख, मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता शोधते. 'तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार अगत्य येण्याचे करावे' ही ओळ कोणी वाचत नाही. ती असतेच, एवढंच. त्यातल्या 'अगत्य'चा अर्थ विचारा, बहुतेक जण 'आपुलकीने' म्हणतील. पण इथे तो शब्द क्रियाविशेषण आहे. त्याला 'ने' लागलेला नाही आणि त्याचा अर्थ आहे अवश्य, न चुकता. त्यामुळे 'अवश्य अगत्य येण्याचे करावे' असं छापलं की एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते.

शब्दाचं मूळ 'अगति'त आहे. गती म्हणजे वाट, उपाय. ज्याला वाट उरली नाही तो अगतिक, आणि जे टाळायला वाट नाही ते अगत्य. शेजाऱ्यांनी हा अर्थ जवळपास तसाच ठेवलाय: कन्नडमध्ये 'अगत्य' म्हणजे गरज, गुजरातीत 'अगत्यनुं' म्हणजे महत्त्वाचं. मराठीतही 'अगत्याचं काम' म्हणजे निकडीचं काम. पण आपल्याकडे शब्द तिथे थांबला नाही. 'त्याला कशाचंच अगत्य नाही' म्हणताना गरजेची जागा आस्थेने घेतली, आणि 'त्यांनी अगत्याने विचारपूस केली' इथपर्यंत येता येता तो ओलावा झाला. निकड मात्र आत राहिलीच. विचारल्याशिवाय राहवत नाही, म्हणून विचारलं.

'चहा घेणार का?' हे सौजन्य. पाहुण्याला 'नको' म्हणायची वाट मोकळी आहे, आणि तो बहुधा 'नको'च म्हणतो. 'आधण ठेवलंय, घोटभर घ्याच' हे अगत्य. इथे वाट बंद केलीय, अगदी व्युत्पत्तीला धरून. आग्रह त्याहून वेगळा. पंगतीत पानावर आडवा धरलेला हात बाजूला सारून चौथी जिलबी वाढणं हा आग्रह, आणि त्यात वाढणाऱ्याची हौस बरीच असते. पाहुण्याची साखर बंद आहे हे लक्षात ठेवून त्याचा चहा साखर घालण्याआधी वेगळा काढून ठेवणं, आणि तो तसाच न बोलता पुढे करणं, हे अगत्य. आदरातिथ्य कार्यालयाचा व्यवस्थापकही करतो, पैसे घेऊन करतो, चोख करतो. त्याला अगत्य म्हणायला जीभ जरा अडते.

वापरायला शब्द सोपा आहे. नपुंसकलिंगी, एकवचनी: ते अगत्य, अगत्याने, अगत्याचं निमंत्रण. विशेषण हवं तर अगत्यशील. क्रियापदाची निवड मात्र जपून करावी. सौजन्य 'दाखवलं' जातं. खरं तर हल्ली ते न दाखवल्याच्याच तक्रारी जास्त ऐकू येतात, 'साधा फोन करायचंही सौजन्य दाखवलं नाही' अशा. 'अगत्य दाखवलं' म्हणताच मात्र देखाव्याचा वास येतो. अगत्य असतं, वाटतं, किंवा एखादी गोष्ट अगत्याने केली जाते. आणि हा शब्द दुसऱ्याबद्दल वापरायचा. 'आम्ही त्यांचं अगत्याने स्वागत केलं' हे यजमानाने स्वतःच सांगितलं की सगळी मजा गेली. पाहुण्याबद्दल तो चालतो: 'इतक्या लांबून अगत्याने आले' म्हणजे येणं त्यांनी टाळण्यासारखं मानलं नाही. शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात ते अशा वाक्यात.

लिहिताना हमखास चुकतं ते पहिलं अक्षर. 'आगतस्वागत' कानात बसलेलं असतं, म्हणून पुष्कळ जण 'आगत्य' लिहितात आणि छापणाराही तसंच छापतो. गंमत अशी की 'आगत्य' हा संस्कृतात खराच शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'येऊन'. म्हणजे पत्रिका म्हणते, 'येऊन येण्याचे करावे'. मुद्रितं तपासताना वधूवरांच्या नावांइतकंच या 'अ'कडेही बघावं.

हल्ली ही ओळ गाळून 'कृपया हेच आमंत्रण समजावे' एवढंच व्हॉट्सॲपवर येतं. तिथे न येण्याची वाट सताड उघडी असते.