मार्स्टन सुटला, लोम्बार्ड अजून अडलाय

दहा जणांचा तक्ता अखेर हलला! (अगाथा ख्रिस्तीची 'अँड देन देअर वेअर नन', 1939. शेवटासकट सगळं उघड लिहितेय.) बेटावर बोलावलेले, कायद्यातून सुटलेले दहा जण एकेक करून मरतात. ते याच क्रमाने का, हे तक्ता मांडून शोधतेय.

अडचण अशी. त्या दहांतलाच न्यायमूर्ती वॉरग्रेव्ह हा खुनी. तो बाटलीत घालून समुद्रात सोडलेल्या कबुलीजबाबात सांगतो, की ज्यांचा अपराध हलका ते आधी जावेत. भीतीने झुरत राहायचं ते निगरगट्टांनी. मग दोन पोरांना गाडीखाली चिरडून वर स्वतःचं लायसन्स गेल्याची हळहळ करणारा मार्स्टन पहिलाच कसा मरतो? एकवीस माणसांना मरणाच्या दारात सोडून आलेला लोम्बार्ड नववा, आणि सांभाळायला दिलेल्या एका पोराला, सिरिलला, बुडू देणारी व्हेरा शेवटची? बळींच्या संख्येचा रकाना केला, हेतूचा केला. क्रम कशातच बसेना.

शेवटी हेतूचा रकाना खोडून तिथे 'टोचणी' लिहिलं, म्हणजे केलेला गुन्हा मनाला किती खातो ते, आणि पेन्सिल घेऊन पुन्हा पहिल्या पानापासून बसले. मार्स्टनला शून्य. त्याला नैतिक जबाबदारीची जाणीवच नाही, असं वॉरग्रेव्ह स्वतः म्हणतो. अशा माणसाला ताटकळत ठेवून काय साधणार? पेल्यात सायनाइड, विषय संपला. जनरल मॅकआर्थर तर अंत जवळ आला म्हणून समुद्राकडे तोंड करून निवांत बसतो.

मिस ब्रेंटची नोंद करताना मात्र अंगावर काटा आला. वरून एवढी ताठ बाई, पण डायरी लिहिता लिहिता तिचे डोळे मिटतात, पेन्सिल वेडीवाकडी फिरते आणि खुनी म्हणून कागदावर नाव उमटतं ते बिअॅट्रिस टेलरचं! तिनेच घराबाहेर काढलेली, जीव दिलेली मोलकरीण.

आणि व्हेरा. फास टांगलेला, खाली खुर्ची मांडलेली, पण चढते ती आपल्या पायांनी. वॉरग्रेव्हने भरवसा ठेवला तो तिच्या मनावर. 1943 च्या नाटकात ख्रिस्तीने तिला आणि लोम्बार्डला निर्दोष ठरवून वाचवलं, ते मला मुळीच पटत नाही. कादंबरीचा कणाच मोडतो त्याने.

लोम्बार्ड काही बसत नाही. गुन्हा बिनदिक्कत कबूल, टोचणी नाही, तरी नववा. पण त्याला गोळी घालते व्हेरा, तेव्हा तो क्रमांक निम्मा तिच्या हातचा. तूर्त पेन्सिलीनेच लिहून ठेवलाय.

असे तक्ते नव्याने मांडणाऱ्यांसाठी एक सांगते: संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका. कात्री आधी लागते ती पात्रांच्या मनातल्या विचारांना, आणि आपलं सगळं काम त्यांवरच चालतं. तक्त्यासाठी एक्सेलपेक्षा कार्डशीट बरं, दहाही जण एका नजरेत येतात.

पुढे ख्रिस्तीच्याच 'ऑरिएंट एक्स्प्रेस'मधले बारा जण घेणार होते. पण हे लिहितानाच वॉरग्रेव्हने शेवटी स्वतःच्या कपाळात घातलेली गोळी डोळ्यांपुढे आली. तिला तो केनची, म्हणजे बायबलमधल्या पहिल्या खुन्याची, खूण म्हणतो. ख्रिस्तीच्या 'कर्टन'मधल्या (त्याचाही शेवट इथे उघड होतोय) नॉर्टनलाही गोळी बरोब्बर कपाळाच्या मध्यावर, आणि गोष्ट सांगणाऱ्या हेस्टिंग्जलाही केनच आठवतो! तिथे मारणारा खुद्द डिटेक्टिव्ह पॉयरो. कायद्याच्या हाती न लागणाऱ्याला संपवतो, मागे कबुलीपत्र ठेवतो आणि स्वतःचं हृदयावरचं औषध मुद्दाम दूर सारतो. पुस्तक छापलं गेलं 1975 मध्ये, पण लिहिलं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, म्हणजे वॉरग्रेव्हच्या मागोमागच. बारा जण थांबतील. आधी हे दोन कबुलीजबाब शेजारी शेजारी लावते, आणि पॉयरोच्या रकान्यात टोचणी किती भरायची ते तुम्हीही वाचून कळवा.