उजनीचा काठ: ओएसएमची रेघ आणि सेंटिनेलचं पाणी, काम कुठवर आलंय

मंडळी, उजनी धरणाच्या पाण्याचा पॉलिगॉन, म्हणजे बंद हद्दरेघ, ओएसएम (ओपनस्ट्रीटमॅप, लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) मधून क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्विकओएसएम प्लगिनने ओढून घेतलाय आणि त्याच्यावर सेंटिनेल-२ उपग्रहाच्या एल२ए (वातावरणाचा परिणाम काढलेल्या) इमेज टाकून पाणी नक्की कुठवर आहे ते काढणं चालू आहे. बऱ्यापैकी जमतंय, पण काठ भलताच नाचवतोय.

सेटअप थोडक्यात. ओएसएमचा डेटा अंशांमध्ये येतो, इमेज मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम ४३ एन मध्ये, त्यामुळे पॉलिगॉन आधी ईपीएसजी ३२६४३ (त्याच प्रणालीचा कोड) मध्ये एक्सपोर्ट करून घ्या, क्यूजीआयएस स्क्रीनवर दोन्ही छान एकावर एक बसवून दाखवतं पण बफर (रेघेभोवती ठराविक रुंदीचा पट्टा) मारायला गेलात की ३०० मीटरचे ३०० अंश होतात. पाण्यासाठी साधा एनडीडब्ल्यूआय, म्हणजे पाणी ओळखायचा निर्देशांक: (बँड ३ हिरवा वजा बँड ८ इन्फ्रारेड) भागिले दोघांची बेरीज. दोन्ही बँड १० मीटरचे, म्हणजे १०० पिक्सेल बरोबर एक हेक्टर, हिशोबाला बरं पडतं.

आता एक गोष्ट जरा नीट सांगतो कारण जुन्या-नव्या इमेज शेजारी ठेवणाऱ्या सगळ्यांनाच ती लागते. २५ जानेवारी २०२२ पासून बेसलाइन ०४.०० (इमेज प्रोसेस करायची नवी आवृत्ती) आली आणि प्रत्येक बँडच्या आकड्यात १००० जास्तीचे आले. समजा पाण्याचा बँड ३ आहे ८०० आणि बँड ८ आहे ४००, तर उत्तर ०.३३. तेच १००० वजा न करता काढलं तर १८०० आणि १४००, उत्तर ०.१२५! वरची वजाबाकी तीच राहते, खालची बेरीज फुगते. थ्रेशोल्ड (ज्याच्या वर पाणी धरायचं तो आकडा) शून्य ठेवलात तर फरक पडत नाही, पण ०.२ वगैरे ठेवलात तर तळंच गायब. आणि जुन्या इमेजही आता पुन्हा प्रोसेस होऊन येतात, तेव्हा तारखेवर जाऊ नका, मेटाडेटातली बेसलाइन बघा.

तर काठ. ओएसएममधली रेघ ही धरण भरलेलं असतानाची आहे, मे महिन्यात पाणी तिच्यापासून पार लांब गेलेलं असतं, पळसदेवचं देऊळ उघडं पडतं. त्यात मॅपरची काही चूक नाही, रेघ एकच मारता येते ना. म्हणून मी तो पॉलिगॉन नुसता कुंपणासारखा वापरतो, बाहेर ३०० मीटर बफर, त्याच्या आत पाणी कुठं ते इमेजने सांगायचं. बफरमध्ये उसाच्या कडेची शेततळी येतात, ती सीव्ह (छोटे सुटे तुकडे काढणारं टूल) मारून उडवतो.

खरी डोकेदुखी आतल्या हिरव्याची. कुंपणाच्या आत एनडीव्हीआय (हिरवाईचा निर्देशांक) चढलेला दिसला तर ती जलपर्णी असते नाहीतर पाणी उतरल्यावर केलेली गाळपेर. जलपर्णीच्या खाली पाणी आहे, गाळपेरीच्या खाली नाही, आणि एका इमेजमध्ये दोन्ही सारखंच हिरवं. उपाय असा सापडला की पाच-दहा दिवसांच्या अंतराच्या दोन इमेज घ्यायच्या: जलपर्णी वाऱ्याने सरकते, आकार बदलते, पीक जागचं हलत नाही आणि कडा सरळ असतात. खाडीसारख्या अरुंद फाट्यात दाबून बसलेली जलपर्णी मात्र हलतच नाही, तिथं अजून हातानेच ठरवतोय, दुसरा काही मार्ग असेल तर सांगा.

डिकसळच्या पुलापाशी पाण्याचे दोन तुकडे पडत होते, तिथं ओएसएममधूनच पुलाची लाइन घेऊन छोटा बफर मारला आणि तेवढे पिक्सेल पाण्यात धरले. नकाशाचा असा फायदा होतो तेव्हा मजा येते.

कोणीतरी विचारेलच म्हणून, हे क्षेत्रफळ आहे, टीएमसी नाही. उजनीत साधारण ११७ मधले ६३ टीएमसी मृतसाठाच (शून्य टक्क्याच्या खालचं पाणी) आहे, त्यामुळे पेपरात 'उजनी मायनसमध्ये' आलं तरी इमेजमध्ये भरपूर निळं दिसतं.

जुलै ते सप्टेंबर ढगांमुळे एससीएल मास्क (ढगांचे पिक्सेल झाकणारा थर) लावल्यावर काही उरतच नाही. म्हणून आता सेंटिनेल-१ चं ढगांतून आरपार बघणारं रडार घेतोय, त्याच्या व्हीव्ही बँडपासून सुरुवात, कुंपण तेच.