तुम्ही विचारलंत म्हणून : तुरुंगातल्या माणसावर गाणं कसं बांधायचं?

निषेधाची गाणी शिकवणाऱ्याला हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा कोठडी असते: गज, अंधार, मोजलेले दिवस. माझं पहिलं उत्तर ठरलेलं आहे. कोठडीवर गाणं बांधू नका, कोठडीत काही घडत नाही. तो माणूस आत का गेला, त्या कामावर बांधा.

उदाहरण म्हणून मोर्देखाय वानुनू घेऊ. इस्रायलच्या दिमोना अणुकेंद्रातला हा तंत्रज्ञ. तिथली गुप्त अण्वस्त्रनिर्मिती त्याने 1986 मध्ये ‘संडे टाइम्स’ या ब्रिटिश वृत्तपत्राला सांगितली. त्याला 18 वर्षांची शिक्षा झाली आणि त्यातली 11 हून अधिक वर्षं एकांतवासात गेली. त्याच्या सुटकेसाठी लंडनमध्ये इस्रायली दूतावासासमोर वर्षानुवर्षं निदर्शनं झाली. लोकगीतं रचणाऱ्यांनी त्याच्यावर गाणीही केली. यातली फसलेली गाणी बहुधा एकाच जागी फसतात. तो माणूस त्यांत फक्त सोसत राहतो, करत काहीच नाही.

आता त्याचं काम बघा. 1976 ते 1985 तो दिमोनात नोकरीला होता. ‘माखोन 2’ ही इमारत जमिनीवर दोन मजली गोदामासारखी दिसते, पण खाली सहा मजले आहेत आणि तिथे बाँबसाठी लागणारं प्लुटोनियम वेगळं केलं जाई. दिमोनाचं बांधकाम सुरू झालं तेव्हा बाहेरच्यांना ‘ही कापडगिरणी आहे’ असं सांगितलं गेलं होतं. वानुनूने चोरून कॅमेरा नेला, सुमारे साठ फोटो काढले आणि न धुतलेली फिल्म घेऊन देश सोडला. गिरणी, पाळी, जिना, फिल्मची गुंडाळी: लोकगीताला लागणारं सगळं सामान इथे आहे, आणि उपमा एकही लागत नाही.

त्याने स्वतः तुरुंगात 1987 मध्ये एक कविता लिहिली. तिचा रोखही हाच आहे: मी कारकून, मी तंत्रज्ञ, मला एका बोल्टपुरतं बघायला सांगितलं होतं. ज्याच्यावर गाणं करायचं त्यानेच विषय दाखवून दिला असेल तर आपण वेगळा शोधायला जाऊ नये.

दुसरा तपशील तळहाताचा. लंडनमध्ये ‘सिंडी’ नावाने भेटलेल्या, मोसाद या इस्रायली गुप्तचर संस्थेच्या बाईने त्याला रोमला नेलं. तिथे गुंगीचं औषध देऊन त्याला जहाजाने इस्रायलला पोचवलं. कोर्टात नेताना त्याने तळहातावर पेनने मजकूर लिहून तो गाडीच्या काचेला टेकवला: रोममध्ये पळवलं, तारीख 30.9.86, वेळ रात्री 9, विमान बीए 504. हा विमानाचा क्रमांक गाण्यात घ्याच. जुन्या पोवाड्यांत घोड्याचं नाव येतं ते उगाच नाही. असा एक नेमका शब्द ऐकणाऱ्याला पटवतो की गाणाऱ्याला प्रकरण ठाऊक आहे.

सिंडीला मात्र एका ओळीपेक्षा जास्त जागा देऊ नका. तिच्यावर दोन कडवी गेली की गाण्याचं लावणीत रूपांतर होतं. लोक हसतात आणि अणुबाँब बाजूला राहतो.

आकडे जपून वापरा. त्याच्या माहितीवरून तज्ज्ञांनी 100 ते 200 अण्वस्त्रांचा अंदाज केला होता. तो अंदाजच होता. ‘दोनशे बाँब’ असं ठणकावून गायलात, तर विरोधक त्या एका शब्दावर सगळं गाणं खोटं पाडेल. बोट सरकारकडे आणि त्याच्या धोरणाकडे असावं, ज्यू समाजाकडे अजिबात नको. जिथे ‘ते लोक’ असं येईल, ती ओळ तिथल्या तिथे काढा. वानुनूही ज्यू घरातच जन्मला होता.

चाल नवी करू नका. फुटपाथवर जमलेल्या वीस जणांना पहिल्या कडव्यात धृपद आलं नाही तर ते पुढे फक्त ऐकतात. अमेरिकेतले कामगार गायक चर्चच्या चालींवर संपाचे शब्द चढवत. आपल्याकडे अण्णा भाऊ साठ्यांनी छक्कड हा तमाशातला गाण्याचा प्रकार घेऊन संयुक्त महाराष्ट्र सांगितला. मराठीत करायचं तर आठ मात्रांचा केरवा आणि सोळा-बारा मात्रांची ओळ पुरते. नमुना देतो:

वरती दिसती मजले दोन, खाली मजले सहा
‘बघू नको’ हे सांगितलेलं, त्यानं म्हटलं, पहा!

मात्रा मोजून बघा. ‘दोन’, ‘सहा’ आणि ‘पहा’ यांवर एकेक मात्रा लांबवावी लागते. तेवढं चालतं, तिथे श्वास घेता येतो. ओळीच्या मध्येच लांबवावं लागलं तर शब्द बदला.

नावाचंही बघावं लागतं. हिब्रूत जोर मधल्या ‘नु’वर आहे. म्हणून सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, त्यावर यावी आणि ‘वा’ समेआधी उचलावा. मराठी गाणारे सवयीने ‘वा’वर सम घेतात, मग शेवटचा ‘नू’ गिळला जातो आणि मोठ्या जमावात नावच ऐकू येत नाही.

धृपदावर सर्वांत जास्त वेळ घालवा. ‘सोडा, सोडा’ हे सगळ्यांना पहिल्यांदा सुचतं. पण 21 एप्रिल 2004 ला तो अश्केलोनच्या तुरुंगातून बाहेर आला आणि अशी गाणी एका सकाळीत शिळी झाली. खरं तर तो सुटला नव्हता. देश सोडायला बंदी, परदेशी माणसांशी बोलायला बंदी, आणि ती मोडल्याबद्दल 2010 मध्ये पुन्हा काही आठवडे तुरुंग. ‘सांग वानुनू, सांग’ असं धृपद 1986 ला चाललं असतं आणि 2010 लाही. कैद्याची स्थिती बदलते, म्हणून धृपद त्याच्या कृतीवर असावं आणि स्थिती शेवटच्या कडव्यात ठेवावी. ते कडवं बदलायचं असतं हे धरूनच लिहा.

आता रस्त्यावरचं. बायका-पुरुष एकत्र गाणार असतील तर हार्मोनियमची पांढरी चार हा सा धरा आणि चाल खालच्या पंचमापासून वरच्या पंचमापर्यंत ठेवा. त्याहून वर गेलात की निम्मे पुरुष गप्प होतात, खाली गेलात की बायका. गिटार असेल तर पहिल्या पट्टीवर कॅपो लावून ई, ए, बी सेव्हन हे तीन कॉर्ड पुरतात. मिनिटाला नव्वद ते शंभर ठोके ठेवा. रहदारीच्या आवाजात संथ गाणं रडकं वाटतं आणि उत्साहाच्या भरात लय आपोआप चढते, म्हणून डफवाला थंड डोक्याचा हवा. कर्णा फक्त पुढच्या गायकाला द्या. मागे धृपद उचलणाऱ्या झीलकऱ्यांनाही दिलात तर दोन आवाज पुढेमागे होतात आणि शब्द फुटतात.

कडवी पाच, फार तर सहा. कागद वाटू नका, लोक मान खाली घालून वाचतात आणि आवाज फुटपाथकडे जातो. गायकाने ओळ म्हणावी, बाकीच्यांनी धृपद उचलावं. शेवट आधी ठरवा: शेवटचं धृपद दोनदा, दुसऱ्यांदा ‘सांग’वर डफाची एक थाप, संपलं. हे ठरलं नसेल तर निम्मे लोक थांबतात आणि उरलेले सातव्या कडव्याची वाट बघत टाळ्या वाजवत राहतात.