बोपदेव घाट, माझा गुडघा आणि २५० वॅट

वय ६७, वजन ७८ किलो, उजवा गुडघा कुरकुरणारा. आमची सायकलवाली टोळी रविवारी पुण्यातल्या कोंढव्याकडून बोपदेव घाट चढून सासवडला जाते आणि मी दोन वर्षं पायथ्याशी चहा पीत त्यांची वाट बघत बसायचो. शेवटी ई-सायकल घ्यायचं ठरवलं.

पहिल्याच दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, तुमच्या वजनाला २५० वॅटची मोटर काय पुरणार? ५०० चा किट टाकून देतो, स्टिकर २५० चाच लावू. पासिंग नाही, लायसन नाही. कोण बघतंय?" मोह झाला, खोटं कशाला बोलू! पण नोकरी सगळी हिशेबतपासणीत गेलेली.

घरी येऊन केंद्रीय मोटार वाहन नियमांतला २(यू) वाचून काढला. मोटरची अर्ध्या तासाची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी हवी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत हवा आणि हे एआरएआयसारख्या मान्य संस्थेनं तपासलेलं हवं. तरच ती मोटार वाहन धरली जात नाही. 'अर्ध्या तासाची' म्हणजे सलग तेवढा वेळ देता येणारी शक्ती. क्षणभर मोटर त्याहून जास्त ओढू शकते. ५०० ची बसवली की नोंदणी, विमा, नंबरप्लेट, लायसन सगळं आलं. आणि दुकानात जोडलेल्या सायकलचं पासिंग करून देणार कोण? उद्या कुणाला धडकलो तर भरपाई माझ्या पेन्शनीतून.

मग वहीत गणित मांडलं. मी आणि सायकल मिळून १०२ किलो. ७ टक्के चढ धरला तर ताशी ८ किलोमीटरला साधारण १८० वॅट लागतात, १५ ला सव्वातीनशेच्या वर. माझे पाय गुडघा न दुखवता ६० देतात. सावकाश चढायची तयारी असेल तर २५० पुरतं. तरी नियमावर माझा एक राग आहेच: पन्नास किलोच्या पोराला आणि मला एकच माप. वेगाच्या मर्यादेबद्दल तक्रार नाही. या वयात पडलं की खुबाच जातो.

दुसऱ्या दुकानात चाचणीचा दाखला मागितला. आधी नुसत्या बॅटरीचा कागद पुढे केला. तिसऱ्या खेपेला सायकलचा खरा दाखला आला, तेव्हा त्यावरचं मॉडेलचं नाव फ्रेमवरच्या नावाशी ताडून पाहिलं.

पण ट्रायल सपाटीवर घेतली, ही माझी चूक. पहिल्या रविवारी अर्ध्या घाटातच मोटर इतकी तापली की हात लावता येईना. मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात. चाक रखडलं की तीही रखडते आणि वीज नुसती उष्णतेत जाते. आमच्या जुन्या सायकलवाल्यानं मोटरला हातच लावला नाही. मागचं २८ दातांचं फ्रीव्हील, म्हणजे चेन बसते ते दातेरी चक्र, काढून ३४ चं बसवलं, चेन सरकवणारा डिरेलरही बदलला. "आता पाय गोल फिरतील, मोटरवर सगळं टाकू नका," म्हणाला.

पुढच्या खेपेला ताशी ८-९ नं, दोनदा थांबून, वर पोचलो. टोळीची पोहे-चहाची दुसरी फेरी चालू होती. उतरल्याबरोबर वाकून हबला हात लावला. कोमट होता.