बदलीच्या गावचा पियानो

पियानोच्या बाई वयाची नव्वदी गाठून जातात तेव्हा त्यांच्याविषयी लिहिताना "अनेक विद्यार्थी घडवले" हे वाक्य हटकून येतं. यजमान सैन्यात असले तर आणखी एक येतं, "त्यांनी पतीला खंबीर साथ दिली." दोन्ही वाक्यं खरी असतात, पण बाई नेमकं काय करत होत्या, हे त्यातून कळत नाही. दर दोन-तीन वर्षांनी बदलीचा हुकूम आला तर तीस वर्षांच्या नोकरीत दहा-बारा घरं सहज होतात. तेवढ्या वेळा एक पियानो हलवायचा, तेवढ्या वेळा शिकवणी मोडायची आणि परगावी शून्यातून उभी करायची. शिकवण्याची पद्धतही मग या मोडण्या-मांडण्यावरच बेतावी लागते.

आधी पियानोचं. साधा उभा पियानो दोनशे ते अडीचशे किलो भरतो. आतली लोखंडी चौकट मागच्या बाजूला असल्यामुळे त्याचा तोल मागे असतो, म्हणून हलवताना तो उलथला तर बहुधा पाठीवर पडतो. खालची पितळी चाकं भिंतीपासून वीतभर सरकवण्यापुरती, त्यांच्यावर पियानो अंगणातून ढकलत नेला की पाय मोडलाच म्हणून समजा. पुढचे नाजूक पाय धरून तर कधीच उचलायचा नाही. झाकण बंद करून कुलूप, भोवती जाड घोंगड्या, वर पट्टे, खाली चार चाकांची मजबूत फळी आणि चार माणसं. सामान भरणाऱ्यांना "जड कपाट आहे" असं सांगून चालत नाही, पियानो आहे हे आधीच सांगावं लागतं.

सैन्याला ही अडचण ठाऊक नव्हती असं नाही. दुसऱ्या महायुद्धात स्टाइनवे कंपनीने अमेरिकी सैन्यासाठी खास उभे पियानो बनवले, नाव 'व्हिक्टरी व्हर्टिकल'. वजन सुमारे २०६ किलो, पुढचे पाय काढून टाकलेले, रंग लष्करी हिरवा. तांब्याची टंचाई असल्यामुळे खर्जाच्या तारांवर तांब्याऐवजी मऊ लोखंडाची तार गुंडाळलेली. सूर लावायची हत्यारंही सोबत पाठवत. सैनिकासाठी एवढा विचार झाला, त्याच्या बायकोचा पियानो मात्र घरसामानाच्या गाडीत सोफ्याला टेकून गेला.

नव्या घरी पोचल्यावर लगेच ट्यूनरला, म्हणजे सूर लावणाऱ्या कारागिराला, बोलवायचं नाही. हवेला सरावायला दोन-तीन आठवडे द्यायचे. तारांमागे स्प्रूस लाकडाचा पातळ ध्वनिफलक असतो. दमट हवेत तो फुगतो, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतात. कोरड्या हवेत आक्रसतो आणि सूर उतरतात. सगळ्यात जास्त फरक मधल्या सप्तकांत पडतो. शिकवणीतला बराचसा वेळ तिथेच जातो, त्यामुळे बाईंच्या कानाला त्याचा त्रासही सगळ्यात जास्त. ऐंशीपेक्षा जास्त स्वरांमागे सुमारे २३० तारा, सगळ्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांच्या घरात. एवढा ताण मधल्या काळात दुर्लक्षित राहून बराच उतरला असेल तर एका बैठकीत सूर लागत नाहीत. शेवटच्या तारेपर्यंत पोचेतो पहिल्या तारा पुन्हा उतरलेल्या असतात. म्हणून आधी एकदा सगळं ढोबळ वर चढवायचं आणि मग बारकाईने लावायचं. घाई केली तर गंजक्या तारा तुटतात.

जागा ठरवताना खिडकी, हीटर आणि एसीचा झोत टाळायचा. आर्द्रता मोजायचं साधं यंत्र ठेवायचं आणि काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत राहील असं बघायचं. पावसाळी हवेत पट्ट्या अडकू लागल्या की बहुधा त्यांच्या आतलं फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड, फुगलेलं असतं. पण फेल्टला दोष देण्याआधी पट्ट्यांमध्ये पेन्सिल किंवा नाणं पडलंय का ते पाहावं. लहान मुलं येतात त्या घरात नाणंच निघण्याचा संभव जास्त.

आता शिकवणी. बदलीच्या गावच्या बाईंना ठाऊक असतं की हे मूल फार तर दोन वर्षं आपल्याकडे आहे. बरेचदा त्या मुलाचे वडीलही बदलीवरच आलेले, म्हणजे आधी कोण जाणार एवढाच प्रश्न. अशा वेळी परीक्षेपुरती तीन गाणी घोटून घेणं सोपं असतं, आणि माझ्या मते फुकटही. पुढच्या गावी ती तीन गाणी महिनाभरात विसरली जातात. टिकतं ते वेगळंच: स्टूलची उंची कोपर पट्टीच्या पातळीला येईल एवढी ठेवणं, पाय लोंबकळत असतील तर खाली पाट घेणं, नवं पान आधी एकेका हाताने वाजवणं, अवघड जागा निवडून तिथल्या चारच मात्रा मेट्रोनोमच्या (टिकटिक करून लय देणाऱ्या यंत्राच्या) मिनिटाला साठ ठोक्यांच्या गतीत सलग तीनदा बिनचूक आल्या तरच गती चार अंकांनी वाढवणं. स्वर लांबवणारं पायाखालचं पेडल स्वरासोबत दाबायचं नाही, स्वर वाजल्यावर बदलायचं, टाच जमिनीवर ठेवून. आधी दाबलं तर मागचा स्वर पुढच्यात सांडतो आणि सगळं गढूळ होतं. या सवयी मुलाबरोबर गाव बदलतात.

बोटांचे आकडे हा यातला गाभा. अंगठा एक, करंगळी पाच. उजव्या हाताने सी मेजरचं स्केल चढताना अंगठा तिसऱ्या बोटाखालून चौथ्या स्वरावर जातो. तो उशिरा निघाला तर मनगट झटका देतं आणि तो एक स्वर बाकीच्यांपेक्षा जोरात वाजतो. अनुभवी बाई स्वयंपाकघरातून ओरडतात, "अंगठा!" मुलाला वाटतं, बाईंना भिंतीपलीकडचं दिसतं. उपाय असा, की दुसरं बोट वाजत असतानाच अंगठा तळहाताखाली सरकू लागायला हवा. हे तोंडाने सांगून होत नाही. मुलाच्या हाताखाली आपला हात धरून पाच-सहा वेळा करून घ्यावं लागतं.

बदलीचा हुकूम आला की अधिकारी चार्ज देतात. चांगल्या बाईही देतात. प्रत्येक मुलामागे एक पान: सध्याचं गाणं कोणतं, ते कोणत्या गतीला स्वच्छ येतं, कोणत्या मात्रेला अडखळतं, चौथं बोट कोसळतं का, पान वाचून वाजवतं की ऐकून पाठ करतं. यातली शेवटची नोंद फार मोलाची. कान तल्लख असलेलं मूल वाचल्याचं बेमालूम नाटक करतं आणि नव्या शिक्षिकेच्या ते लक्षात यायला सहा महिने जातात. "हुशार आहे, सराव कमी पडतो" एवढंच लिहिलेल्या पानाचा उपयोग शून्य, कारण ते कुठल्याही मुलाला लागू पडतं.

म्हातारपणी बोटांच्या सांध्यांनी साथ सोडली की सप्तकभर ताणलेले स्वर पहिल्यांदा जातात. मग बाई वाजवून दाखवणं कमी करतात, शेजारी बसतात आणि पेन्सिल चालवतात. काहींचं शिकवणं यानंतरच जास्त चांगलं होतं, असं वाटतं. वाजवून दाखवता येत नाही म्हटल्यावर नक्की काय चुकतंय हे शब्दांत पकडावं लागतं.

मागे राहिलेल्या पियानोचं काय करायचं, हा प्रश्न घरच्यांना अवघड जातो. कुणाला फुकट देण्याआधीही ट्यूनरला दाखवून घ्यावा. तारांच्या खुंट्या ज्या लाकडात बसवतात ते लाकूड सुकून खुंट्या सैल झाल्या असतील, तर लावलेला सूर टिकत नाही. एखाद-दुसरी असेल तर जाड खुंटी घालून भागतं, पण शेकड्याने सैल असतील तर दुरुस्तीचा खर्च पियानोच्या किमतीपलीकडे जातो. लोखंडी चौकटीला तडा असेल तर विषयच संपला. फेल्टला कसर लागलेली निभावून नेता येते. निकाली निघालेला पियानो कुणा होतकरू मुलाच्या गळ्यात मारू नये. उतरत्या सुरांवर शिकलेला कान पुढे बरीच वर्षं त्रास देतो.

स्वरलिपीची पुस्तकं मात्र रद्दीत जाऊ देऊ नयेत. एकाच ओळीवर बोटांचे दोन-तीन वेगवेगळे आकडे दिसतात, काही खोडलेले, काही कंसात. लहान हातासाठी एक, मोठ्यासाठी दुसरा, डावखुऱ्यासाठी कधी तिसराच. छापील आकडा कुठे आणि का सोडून द्यायचा, हे या खाडाखोडीतून शिकणाऱ्याला सरळ कळतं. पेन्सिल घासून पुसट होते आणि जुना कागद घडीवर तुटतो, तेव्हा पानं स्कॅन करून घ्यावीत. त्यानंतर पुस्तकं गावातल्या दुसऱ्या कुणा पियानोच्या बाईंना द्यावीत.