पॅकेड की पॅक्ट?

हर्णै बंदराजवळच्या मराठी माध्यमाच्या शाळेत मी नववीला इंग्रजी शिकवते. नियमित क्रियापदांचा भूतकाळ लिहिणं मुलांना जड जात नाही. ई-डी लावायचं, स्टॉपमधला पी दुप्पट करायचा, कॅरीतल्या वायचा आय करायचा, प्लेमध्ये वायच्या आधी स्वर असल्याने त्याला हात लावायचा नाही. एवढं पटकन जमतं. अडतं ते वाचताना.

त्या दिवशी मुलांनी मासळीच्या लिलावावर वाक्यं लिहून आणली होती. एक मुलगी वाचू लागली, "माय फादर पुशेड द बोट, पॅकेड द फिश, लोडेड द टेम्पो." स्पेलिंग अचूक, पण उच्चार फक्त 'लोडेड'चा बरोबर. 'पॅक्ट' असं मी म्हणून दाखवताच तिने विचारलं, "बाई, लिहिताना डी आणि बोलताना ट, असं का?"

पुस्तकात याचं उत्तर तक्त्यात असतं, पण तक्ता पाठ करून जीभ वळत नाही. मी सगळ्यांना गळ्यावर बोटं ठेवून 'स्स्स' म्हणायला लावलं, मग 'झ्झ्झ'. झ म्हणताना गळा थरथरतो, स म्हणताना नाही. मग एकेक क्रियापद तपासलं. पॅक, पुश, जंप यांच्या शेवटी थरथर नाही, तिथे ट. पुल, क्लीन यांच्या शेवटी आहे, तिथे ड. लोड, सॉर्ट यांच्या शेवटी ड किंवा ट आधीच बसलेला. त्याला लगेच दुसरा जोडता येत नाही, म्हणून मध्ये छोटा स्वर येतो.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलाचा आवाज आला, "बाई, ही तर कठोर-मृदू व्यंजनं! विपद् अधिक काल, विपत्काल!"

मराठीच्या सरांनी व्याकरणातली संधी नुकतीच शिकवली होती: थरथर नसलेलं व्यंजन कठोर, असलेलं मृदू. मी थक्क झाले. जे समजावण्यासाठी मी वर्षानुवर्षं खटपट करत होते, त्याची अर्धी तयारी मुलांच्या मराठीच्या वहीत होती! फरक दिशेचा. विपत्कालात पुढचा क मागच्या द्‌ला कठोर करतो, पॅक्टमध्ये मागचा क पुढच्या ड्‌ला.

मग प्रश्नांचा पाऊसच पडला. लाफच्या शेवटी जी-एच लिहितात, त्याचं काय? ऐकू येतो फ, तो कठोर, म्हणून लाफ्ट. डान्सच्या शेवटी ई दिसते, पण ऐकू येतो स, म्हणून डान्स्ट. नियम कानाचा आहे, डोळ्यांचा नाही, हे मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तोच मुलगा गोष्टीच्या पुस्तकातला 'विकेड' घेऊन आला. क कठोर, मग विक्ट का नाही? मी सांगितलं, ते क्रियापदाचं रूप नाही, विशेषण आहे. पूर्वीच्या इंग्रजीत ई-डीमधला स्वर बहुतेक ठिकाणी उच्चारत. पुढे बोलताना तो गळत गेला आणि ट-डनंतर व अशा मोजक्या विशेषणांत तेवढा टिकला.

"म्हणजे तेव्हा पॅकेडच म्हणत असतील?" ती मुलगी लगेच म्हणाली. तिचा तर्क अगदी बरोबर होता, आणि ते मी तिला सगळ्या वर्गासमोर सांगितलं.